कंट्रोलचं धान्य: कार्ड काढण्यापासून पावती वाचण्यापर्यंत

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानापुढे रांग लागली, की एक प्रसंग हमखास घडतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पंधरा वर्षं जपलेलं कार्ड एखादी बाई पुढे करते. दुकानदार मशीनमध्ये नंबर टाकतो आणि म्हणतो, "माय, तुमचं नाव ऑनलाइन नाही दिसून राह्यलं." ती कार्ड उलटसुलट करून दाखवते. फोटो आहे, शिक्का आहे, तहसीलची सही आहे. तरी पिशवी रिकामीच घरी जाते.

गेली काही वर्षं अशा लोकांसोबत मी तहसीलला जातो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कार्ड हातात असणं वेगळं आणि त्या कार्डावर धान्य चालू असणं वेगळं. धान्य चालू राहायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव ऑनलाइन नोंदीत असणं, कार्ड धान्य मिळणाऱ्या गटात असणं, आणि प्रत्येकाचं आधार जोडून ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, झालेलं असणं. यातली कुठली गोष्ट अडली आहे हे आधी शोधलं, तर तहसीलचे निम्मे हेलपाटे वाचतात.

रंगावरून धान्य ठरत नाही

आपल्याकडे पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन कार्डं आहेत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त असेल तर पांढरं, अशी ही जुनी विभागणी. पण आज धान्य मिळतं ते राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे. महाराष्ट्रात हा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात धान्य मिळणारे गट दोनच आहेत.

पहिला गट अंत्योदय. यात कार्डावर माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. दुसरा गट प्राधान्य कुटुंब. यात माणशी ५ किलो मिळतं. खेड्यात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये आहे. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन केशरी कार्डांपैकी एकावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असतो आणि त्यावर धान्य येतं, दुसऱ्यावर शिक्का नसतो आणि काहीच येत नाही. "त्याचंही केशरी, माझंही केशरी, मग मलाच का नाही?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

अंत्योदय नेहमीच फायद्याचं असतं, हा समजही तपासून पाहा. घरात एक-दोन माणसं असतील तर ३५ किलो फारच चांगले. सात माणसांना दोन्हीकडे सारखंच, ३५ किलो. पण नऊ जणांचं कुटुंब प्राधान्य गटात असेल तर त्याला ४५ किलो मिळतात. त्यामुळे थोरल्या मुलाचा संसार खरोखर वेगळा झाला असेल, चूल वेगळी असेल, तर त्याचं कार्डही वेगळं करून घ्यावं.

दोन्ही गटांना १ जानेवारी २०२३ पासून धान्य पूर्ण मोफत आहे. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो होतं. १ जानेवारी २०२४ पासून ही मोफत योजना पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवली आहे. गहू किती आणि तांदूळ किती, मध्येच ज्वारी येणार का, हे जिल्ह्याप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतं. एकूण किलो मात्र कमी होता कामा नयेत.

आधी मोबाइलवर पाहा, मग तहसीलला जा

प्रत्येक कार्डाला १२ अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशन कार्ड नंबर, असतो. जुन्या कार्डावर तो कधी पेनाने लिहिलेला असतो, कधी नसतोच. दुकानदाराकडून तो मागून घ्या आणि कार्डाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. हा नंबर महाराष्ट्राच्या ई-पॉस (दुकानातल्या मशीनच्या नोंदींच्या) संकेतस्थळावर टाकला, की कार्ड कोणत्या गटात आहे, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत आणि कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं, हे सगळं दिसतं. 'मेरा राशन' अ‍ॅपवरही पाहता येतं. घरात शाळा-कॉलेजात जाणारं पोर असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

नोंद पाहताना तिथल्या नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून पाहा. वय चुकलं आहे का, तेही पाहा. मागच्या महिन्यांतली उचल बारकाईने वाचा. तुम्ही न नेलेलं धान्य तुमच्या नावावर उचललेलं दिसलं, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. तक्रार करताना त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

नवीन कार्ड

नवीन कार्डासाठी नमुना १ चा अर्ज असतो. तो तहसीलच्या पुरवठा विभागात, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात देता येतो, किंवा राज्याच्या आरसीएमएस या रेशन कार्डाच्या संकेतस्थळावर पब्लिक लॉगिन करून घरूनही भरता येतो. अर्जासोबत कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती, कुटुंबप्रमुख बाईचा फोटो आणि बँक पासबुकाची झेरॉक्स एवढं जवळ ठेवा. कायद्याने कुटुंबातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डाची कुटुंबप्रमुख असते. अजूनही कोणी "बाप्याचं नाव टाका" म्हणत असेल, तर कायद्यातली ही तरतूद दाखवा.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याच्या दाखल्यावर. एका आधारला एकाच कार्डावर जागा असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलं असेल, तर सासरच्या कार्डावर ते चढत नाही. माहेर शेजारच्या तालुक्यात असेल तर एका दिवसात काम होतं. पण आपल्याकडे बैतूल, छिंदवाडा, बालाघाटकडून किंवा तेलंगणातून आलेल्या सुना कितीतरी आहेत. तिथल्या कार्डावरून नाव निघेपर्यंत इथे काही हलत नाही. म्हणून लग्नानंतर सून पहिल्यांदा माहेरी जाईल तेव्हाच तिच्या वडिलांना किंवा भावाला सोबत घेऊन हा दाखला काढून आणा. नंतर नंतर म्हणता म्हणता दोन वर्षं जातात आणि दोन वर्षांचं तिचं माणशी ५ किलो बुडतं.

नाव वाढवायला नमुना ८ आणि कमी करायला नमुना ९ लागतो. बाळाचं नाव चढवायला जन्मदाखला आणि बाल आधार द्या. घरात कोणी वारलं असेल तर त्यांचं नाव स्वतःहून कमी करून घ्या. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, ते समजतं. पण मयत माणसाच्या नावावर धान्य उचललं तर पुढे वसुली निघू शकते. शिवाय ती जागा मोकळी झाली, की गावातल्याच कोणाला तरी मिळते.

अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. पोच म्हणजे तारीख, शिक्का आणि सही असलेली तुमच्याच अर्जाची दुसरी प्रत. ऑनलाइन अर्ज असेल तर अर्ज क्रमांकाची पावती. "ठेवून जा, पाहतो" असं म्हणून टेबलावर राहिलेल्या अर्जाला काही आधार नसतो. माझ्या शेजाऱ्यांचा अर्ज एकदा असाच हरवला आणि त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यापासून सगळं पुन्हा करावं लागलं. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्याखाली ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं. त्या अपिलालाही पोचच लागते.

"इष्टांक भरला" म्हटलं तर

कार्ड आहे, पण धान्याचा शिक्का नाही, अशी केशरी कार्डाची कुटुंबं गावोगाव आहेत. ती अर्ज घेऊन गेली, की उत्तर मिळतं, "इष्टांक भरला." इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा. राज्याला तो सुमारे ७ कोटी लोकांचा मिळाला आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रात लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के लोक त्यात बसतात. हीच संख्या पुढे जिल्ह्यात आणि तालुक्यात वाटली जाते.

हे उत्तर खरं असू शकतं, पण कायमचं नसतं. माणसं वारतात, मुली लग्न होऊन जातात, कोणी नोकरीला लागून बाहेर पडतं. जागा रिकाम्या होतच राहतात. म्हणून तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. उत्पन्नाच्या दाखल्यासह प्राधान्य गटात घेण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दर दोन महिन्यांनी तिच्यावरचा क्रमांक दाखवून विचारा. ग्रामसभेत यादीचं वाचन मागा. ट्रॅक्टर आणि पक्का बंगला असलेल्याचं नाव यादीत आणि भूमिहीन मजुराचं नाही, असं असेल तर ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं पाहिजे. शेजाऱ्याचं नाव घेणं जड जातं, मलाही जातं. पण यादी वाचली जाण्यात कोणाचा अपमान नाही.

घरात विधवा, अपंग, दुर्धर आजाराचा रुग्ण किंवा कोणाचाच आसरा नसलेले ६० वर्षांवरचे म्हातारे कुटुंबप्रमुख असतील, तर अंत्योदयसाठी अर्ज करा. यवतमाळकडचे कोलाम आणि गडचिरोलीतले माडिया या आदिम जमातींची कुटुंबं अंत्योदयात यायला हवीत. एखाद्या पोडावरचं (कोलामांच्या वस्तीवरचं) कुटुंब अजून बाहेर असेल, तर अर्जात जमातीचा उल्लेख ठळक करा.

ई-केवायसी आणि झिजलेली बोटं

कार्डावरच्या प्रत्येकाने एकदा आधारशी आपली ओळख पटवून द्यायची, याला ई-केवायसी म्हणतात. हे कुठल्याही कंट्रोल दुकानातल्या मशीनवर होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पुण्याला कामाला गेलेल्या मुलाने त्यासाठी गावी यायची गरज नाही, तो तिथल्या दुकानात करू शकतो. 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होतं, मात्र त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. आता दर पाच वर्षांनी हे करावं लागणार आहे. मुलांच्या आधारवरचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ते राहिले तर मुलाचं ई-केवायसी अडतं.

खरी अडचण बोटांची आहे. मागच्या हंगामातली गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या काकू महिनाभर कापूस वेचत होत्या. बोंडाच्या टोकांनी बोटांची कातडी फाटलेली, भेगांत काळी रेघ बसलेली. अंगठा लावला, मशीन लाल. पदराला पुसून पुन्हा लावला, पुन्हा लाल. चौथ्या वेळी त्या मागे सरकल्या आणि "जाऊ दे बापा" म्हणून निघाल्या. त्यांना थांबवलं. हापशीवर साबणाने हात धुतले, थोडं खोबरेल बोटांना चोळून कोरड्या फडक्याने टिपलं, मशीनची काचही पुसली. मग एकेक बोट लावून पाहिलं. डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाने मशीन हिरवी झाली. अंगठ्याचीच सक्ती नसते, दहापैकी कुठलंही बोट चालतं, हे त्यांना इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

एकही बोट चाललं नाही तर डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र मागा, नव्या मशीनसोबत ते दिलेलं आहे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवरही काम होतं. कार्डावरच्या दुसऱ्या कोणत्याही सदस्याचं बोट लावून पूर्ण कुटुंबाचं धान्य उचलता येतं. आणि आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणाला धान्य नाकारायचं नाही, असं केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी कळवलं आहे. ही तारीख लक्षात ठेवा, दुकानात सांगायला उपयोगी पडते.

दुकानात उभं राहिल्यावर

माल आल्याशिवाय थम, म्हणजे मशीनवर अंगठा, लावू नका. हे मी परत परत सांगतो, कारण धान्य बुडण्याचा सगळ्यात मोठा रस्ता हाच आहे. "आज थम देऊन ठेवा, माल परवा येतो" असं म्हणून गावाचे अंगठे घेतले जातात. थम लागला म्हणजे तुम्ही धान्य नेलं, अशी नोंद झाली. परवा मिळालेलं पोतं कमी भरलं तर मग बोलायला जागा राहत नाही.

दुकानात जाताना घरी हिशोब करून जा. प्राधान्य कुटुंबात पाच जण असतील तर २५ किलो. थम लावल्यावर मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या. कागद संपला म्हणाले तर मशीनच्या पडद्यावरचा आकडा वाचून घ्या. पावतीवर कार्ड नंबर, महिना, गहू आणि तांदूळ किती किलो आणि रक्कम लिहिलेली असते. रक्कम शून्य असायला हवी. अंत्योदय कार्डावर साखर आली असेल तर तेवढ्याचे पैसे लागतात, १ किलोला २० रुपये. बाकी गाडीभाडं, हमाली, मशीनचा खर्च असं काही द्यायचं नसतं. दुकानापर्यंत धान्य पोचवण्याचा खर्च सरकार करतं आणि विक्रीबद्दल दुकानदाराला क्विंटलमागे कमिशनही देतं.

काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून शून्य दाखवायला सांगा, मग धान्य. पावतीचा आकडा आणि काट्याचा आकडा एकच हवा. दुकानाबाहेर साठा, भाव, माणशी किती मिळणार आणि तक्रारीचा नंबर लिहिलेला फलक असणं बंधनकारक आहे. उचल महिना संपायच्या आत करा, नंतर त्या महिन्याचं धान्य बहुतेक वेळा बुडतं. सलग सहा महिने काहीच उचललं नाही तर कार्ड बंद होऊ शकतं आणि पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते.

केशरी कार्डाचे शेतकरी

आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांत विदर्भातले अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा हे सहा येतात. तिथे अन्न सुरक्षा यादीबाहेरच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून धान्य मिळत होतं. २०२३ पासून त्याऐवजी पैसे बँकेत येतात, आधी माणशी महिन्याला १५० रुपये आणि नंतर १७०. हे पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात. येत नसतील तर सातबारा, कार्ड, आधार आणि पासबुक घेऊन पुरवठा विभागात अर्ज भरा. खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असणं आणि आधार न जोडलेलं असणं, ही अडण्याची नेहमीची दोन कारणं.

काम करायला बाहेर गेलात तर

गडचिरोली-चंद्रपूरकडून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात, बाकी जिल्ह्यांतून पुण्या-मुंबईकडे आणि वीटभट्ट्यांवर जातात. कार्ड गावी राहिलं तरी धान्य तिथे घेता येतं. एक देश एक रेशन कार्ड ही सोय आता सगळ्या राज्यांत आहे. आरसी नंबर किंवा आधार नंबर सांगा आणि बोट लावा. नवरा-बायको तिकडे आणि म्हातारी माणसं, लेकरं गावी असतील तर त्यांच्या वाट्याचं तिथे आणि बाकीचं इथे, असं विभागूनही घेता येतं. त्यासाठी पूर्ण उचल एका जागी करू नका, किती किलो हवं ते दुकानदाराला आधी सांगा. दुसऱ्या राज्यात धान्याचा प्रकार तिथल्यासारखा मिळतो. अडलं तर १४४४५ हा क्रमांक याच कामासाठी आहे.

तक्रार

आधी दुकानदाराशी बोला, कारण कधीकधी मालच कमी आलेला असतो आणि त्याचीही अडचण खरी असते. त्याने सुटलं नाही तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्यासोबत लेखी अर्ज तहसीलच्या पुरवठा निरीक्षकांकडे द्या. तिथून पुढे जिल्हा पुरवठा अधिकारी, त्यानंतर कायद्याने नेमलेले जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि शेवटी राज्य अन्न आयोग. अर्जात रडगाणं नको, आकडे हवेत. "अमुक महिन्यात पावतीवर २५ किलो, प्रत्यक्षात २१ किलो, सोबत पावतीची झेरॉक्स" एवढ्या एका ओळीने काम होतं. पाच-सात कुटुंबांनी मिळून सह्या केल्या तर एकट्या माणसावर रोष येत नाही. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. गावच्या दक्षता समितीत कोण आहे हे ग्रामपंचायतीत विचारा. पुष्कळदा सदस्यांनाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत.

धान्य घरी आल्यावर

तांदूळ निवडताना थोडे दाणे वेगळे दिसतात. जास्त पांढरे किंवा किंचित पिवळसर, धुताना वर तरंगणारे. "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून बाया ते वेचून फेकून देतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्याच्या आकारात बनवलेले ते दाणे आहेत आणि १०० दाण्यांत एक या प्रमाणात टाकलेले असतात. रक्त कमी असलेल्या बायांसाठी आणि पोरांसाठीच ते घातले आहेत, तेव्हा वेचू नका. तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि वरचं पाणी ओतताना ते दाणे वाहून जाऊ देऊ नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, जे आपल्या भागात कमी नाहीत, तर त्याच्या ताटाबद्दल दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

गावात मोटारसायकलवर पोतं बांधून कंट्रोलचा तांदूळ विकत घेणारे फिरतात. त्यांना विकू नका, तो गुन्हा आहे आणि कार्डही जाऊ शकतं. घरात ज्वारीची भाकरच चालते आणि तांदूळ उरतो, अशी तक्रार खरी आहे. उरलेला तांदूळ रात्री उडदाच्या डाळीसोबत भिजवून सकाळी धिरडे घालता येतात, ज्वारीत थोडा मिसळून दळताही येतो. साठवताना आधी एक दिवस उन्हात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून झाकणाच्या डब्यात भरा. गरम धान्य भरलं तर आत घाम सुटतो आणि पंधरा दिवसांत सोंडे होतात. डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.